वाणिज्यिक संबंध (आंतरराष्ट्रीय लवादातील) : न्हावा शेवा बंदराच्या संदर्भात

लवाद व समेट अधिनियम, 1996 च्या कलम 2(1)(एफ) नुसार आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला दोन अटी आहेत : वाद भारतातील कायद्याने वाणिज्यिक मानलेल्या संबंधातून उपजलेला हवा आणि किमान एक पक्ष परदेशी हवा. ‘वाणिज्यिक’ची व्याख्या अधिनियमात नाही, ती न्यायालयांवर सोडली आहे.

मुंबई उच्च न्यायालय : परदेशी निवाड्यांना मान्यता देणारा न्यूयॉर्क करार भारताने 1960 मध्ये स्वीकारला तो वाणिज्यिक वादांपुरताच, म्हणून या शब्दाला धार आली. कमानी इंजिनिअरिंग प्रकरणात रेल्वे विद्युतीकरणासाठी घेतलेले बेल्जियन तांत्रिक साहाय्य वाणिज्यिक नव्हे, व्यावसायिक सल्ल्याच्या जातीचे ठरले. इंडियन ऑर्गॅनिक केमिकल्स विरुद्ध केमटेक्स (एआयआर 1978 मुंबई 106) मध्ये करार व्यापारी असून भागेना. तसे म्हणणारा कायदा दाखवा, असा आग्रह धरला गेला. तो अतिरेकीच म्हणावा लागेल. युरोपियन ग्रेन विरुद्ध बॉम्बे एक्स्ट्रॅक्शन्स (एआयआर 1983 मुंबई 36) मध्ये खंडपीठाने तो सोडला. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये आर. एम. इन्व्हेस्टमेंट विरुद्ध बोइंग खटल्यात विमानविक्रीसाठीची सल्लासेवाही वाणिज्यिक धरली. तेव्हापासून व्यापक अर्थ रूढ आहे.

न्हावा शेवा : उरण तालुक्यातील हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. 1997 मध्ये पी अँड ओ समूहाच्या पुढाकाराने पहिल्या खासगी कंटेनर टर्मिनलचा 30 वर्षांचा परवाना करार झाला. पुढे डीपी वर्ल्ड, एपीएम, सिंगापूरची पीएसए आली. असे करार वाणिज्यिक खरे. पण परवानाधारक कंपन्या भारतात नोंदलेल्या. टीडीएम इन्फ्रास्ट्रक्चर (2008) निकालानुसार सूत्रे परदेशातून हलत असली तरी अशी कंपनी भारतीयच, त्यामुळे बंदराशी तिचा लवाद देशांतर्गत. हा भेद नुसता कागदी नाही. उघड बेकायदेशीरपणाच्या कारणाने निवाडा रद्द करण्याची वाट कलम 34(2ए) ने देशांतर्गत लवादालाच ठेवली आहे. लवाद नेमण्याचा अर्जही उच्च न्यायालयात जातो, सर्वोच्च न्यायालयात नाही.

परदेशी विक्रेत्याचा न्हावा शेवा पोहोच मालाचा सौदा किंवा परदेशी जहाजमालकाशी केलेला भाडेकरार मात्र दोन्ही अटी पुऱ्या करतो.

गुंतवणूक करार : दोन देशांतील संधीखालील दावा वाणिज्यिक नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाचे मत (व्होडाफोन, 2018, खेतान होल्डिंग्ज, 2019).