मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी

संधिवात किंवा सोरायसिससाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. आपल्याकडे अम्मी-अब्बांच्या गोळ्या बऱ्याचदा मुलंच काढून देतात, म्हणून आम्ही सांगतो : वार डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. जुम्मा ठरला, तर फक्त जुम्म्यालाच. सोबतच्या फॉलिक ॲसिडचा वारही विचारा.

आधी रक्त, लिव्हर आणि किडनीची तपासणी करतात. ती टाळू नका. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मूल हवं असेल, तर आधीच सांगा, पुरुषांनीही सांगावं. चालू असलेली सगळी औषधं दाखवा, पेनकिलरसुद्धा.

तोंडात फोड आले, ताप, सुका खोकला किंवा दम लागला, तर पुढची गोळी घेण्याआधी लगेच डॉक्टरांना गाठा.