थिबा राजवाड्याचा थाट आणि हिशेब



रत्नागिरीत आमच्याकडे पाहुणे आले की फिरण्याचा कार्यक्रम ठरलेला. भाट्याचा समुद्र, रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा. राजवाडा बघून निघताना कुणीतरी हमखास म्हणतं, "कैदी असून काय थाट होता हो!" परवा नणंदेच्या सुनेनेही तेच म्हटलं. थाट होता, नाही म्हणत नाही. पण मी पडले बी.कॉम., हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सुरुवात लाकडापासून करते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1878 मध्ये मंडालेच्या गादीवर बसला. तिथल्या जंगलात सागवान तोडण्याचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. कंपनी तोडते जास्त आणि दाखवते कमी, असं म्हणून दरबाराने 1885 मध्ये तिला सुमारे 23 लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. पंधरवड्यात लढाई आटोपली, 29 नोव्हेंबरला राजाराणीला बोटीत बसवलं, आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरी का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. (कोकण रेल्वेवरून गाडी मुंबईपासून मंगळूरपर्यंत धावायला 1998 उजाडलं, हे आपण विसरून जातो.)

तेव्हा राजा होता 27 वर्षांचा. पुढची चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कुटुंब तिथे राहायला आलं आणि डिसेंबर 1916 मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेत राजवाड्याच्या वाट्याला आली फक्त सहा. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा गाडीत जरा शांतता होते.

आता वास्तूबद्दल. खाडी आणि समुद्र दिसेल अशा उंचवट्यावर तीन मजली इमारत आहे. बांधणीत आपला जांभा, लाकूडकाम ब्रह्मदेशी सागवानाचं, वर उतरती छपरं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सपाट गच्चीचे हाल काय होतात ते आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. मला सगळ्यात आवडतात त्या वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्या आणि त्यांवरचं कोरीव काम. बाहेरून विलायती बंगला वाटतो, पण खिडक्यांकडे बघितलं की कळतं, हे घर कुणासाठी बांधलंय. ज्या सागवानापायी राज्य गेलं तेच सागवान शेवटी डोक्यावर छप्पर म्हणून मिळालं! मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. राजा लहानपणी मठात शिकलेला, धर्मग्रंथांची मोठी परीक्षा पास झालेला. आपल्यासारखाच पावसाळ्यातला वर्षावास त्यांच्याकडेही पाळतात, त्यामुळे तिथे गेलं की मला अगदीच परकं वाटत नाही.

पण त्याला संत करायचं नाही. 1879 मध्ये त्याच्या राजवटीत राजघराण्यातल्या सत्तर-ऐंशी जणांना, लेकराबाळांसकट, मारून टाकलं गेलं. आदेश राणी सुपायालतच्या आईचा असं म्हणतात, पण गादीवर तोच होता. अहिंसेचं नाव घेणाऱ्या आपण हे झाकून त्याची कीव करू नये. कीव करायचीच तर ती मुलींची करावी.

चार मुली होत्या. दोघी मंडालेतल्या, तिसरी मद्रासची आणि धाकटी रत्नागिरीत जन्मलेली. त्यांच्याकडे मुलगी वयात येताना कान टोचण्याचा मोठा सोहळा असतो. तो या मुलींचा झाला राजवाड्यात, 1914 मध्ये, तेव्हा थोरली चौतिशीची होती! सोयरिकींचा तर प्रश्नच नव्हता. राजघराण्यातला वर हवा आणि तो रत्नागिरीत कुठून आणणार? घरखर्च सरकारी तनख्यात भागत नसे, मग दागिने विकले जात. मोडीचा दागिना कसा जातो हे मी तुम्हाला काय सांगू! दिखाऊ दालनं सरकारने बांधून दिली, पण उंबऱ्याबाहेर किती जायचं हेही सरकारच ठरवत होतं.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे 1910-11 मध्ये, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत! त्याआधी बहादूरशाह जफरला रंगूनला नेलं होतंच. माणसाला त्याच्या मुलखातून उपटायचं, ही इंग्रजांची जुनी रीत.

राजा गेल्यावर राणीने त्याचा देह इथे पुरू दिला नाही, तिला तो मायदेशी न्यायचा होता. दोन वर्षांहून अधिक काळ शवपेटी राजवाड्याच्या आवारातच राहिली. शेवटी मार्च 1919 मध्ये सरकारने दफन उरकलं आणि पुढच्या महिन्यात राणीला परत जाऊ दिलं.

थोरली राजकन्या मात्र परत आली. बंगल्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानापासून तिला 1906 मध्ये मुलगी झाली होती, टुटू. गोपाळचं लग्न आधीच झालेलं. राजकन्या रत्नागिरीतच राहिली आणि 1947 मध्ये इथेच गेली. टुटूने इथल्याच एका माणसाशी संसार केला, मुलंबाळं वाढवली, कागदाची फुलं केली, शेणी थापून विकल्या. बोलायची मराठी. राजाची नात 2000 सालापर्यंत याच गावात होती. मी लग्न होऊन इथे आले त्यानंतर वीस वर्षं आम्ही दोघी एकाच गावात राहत होतो.

या काळात राजवाड्याने काय काय केलं? तो सरकारजमा झाला. एक काळ तिथे पॉलिटेक्निकचे वर्ग भरत, म्हणजे राजकन्यांच्या दालनांत मुलं यंत्रांची आकडेमोड शिकली. आता ते राज्य संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व विभागाचं कार्यालय तिथे आहे आणि वस्तुसंग्रहालयही. थंडीत अंगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव रंगतो, मीही शाल घेऊन जाते. काहीजणींना वाटतं, इतक्या दुःखाच्या जागी गाणं कशाला? मला तसं वाटत नाही. कोकणात बंद घराला आधी ओल लागते आणि मग वाळवी. माणसांचा वावर असेल तरच लाकूड टिकतं. मला खुपतं ते एवढंच, की सरकारने भिंती सांभाळल्या, नात शेणी थापत होती.

2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. ते राजवाड्याबरोबर समाधीवरही गेले. आपले पाहुणे मात्र तिकडे जात नाहीत. समाधी गावातच, शिवाजीनगर भागात आहे. तिथे राजा आहे आणि 1912 मध्ये गेलेली त्याची दुसरी राणी, सुपायालतची धाकटी बहीण. रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" म्हणून सांगायचं.