जुने सचिवालय : मांडवीकाठची कचेरी

पणजीत मांडवीच्या काठावर आदिलशाहाचा वाडा आहे. पुस्तकात त्याला वाडा म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र तो अजून ‘जुने सचिवालय’च आहे. बाजूला आबे फारियाचा पुतळा, समोर नदी. दाखला घेण्यासाठी, अर्ज देण्यासाठी, नाहीतर साहेबांची वाट पाहण्यासाठी इथल्या जिन्यावर उभे राहिलेले लोक आपल्यात पुष्कळ असतील.

१५१० मध्ये हा किल्लेवजा वाडा अल्बुकर्कच्या हाती पडला. साथींनी ओस पडत चाललेल्या जुन्या गोव्याबाहेर पडलेले व्हाइसरॉय १७५९ मध्ये येथे राहायला आले. १९१८ मध्ये गव्हर्नरांनी आपला मुक्काम काबोला हलवला, तरी कचेऱ्या येथेच राहिल्या. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले तेव्हा कारभार इथूनच चालला. मराठी-कोकणीच्या वादातले राजभाषा विधेयक फेब्रुवारी १९८७ मध्ये संमत झाले, तेही इथल्याच सभागृहात. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली. म्हणजे जवळजवळ अडीच शतके या घराने राज्यकारभार सांभाळला, आणि त्यातला बहुतेक काळ विजेवाचून.

ते कसे जमले? जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती दुपारचे ऊन आत पोहोचू देत नाहीत. चिरा खाणीतून कापून काढायचा असतो, विटेसारखा भट्टीत भाजावा लागत नाही, म्हणजे सरपणही वाचते. वर कौलारू उतरते छप्पर, भोवती लाकडी व्हरांडे. पावसाची झड व्हरांड्यात अडते आणि खिडकी उघडी ठेवता येते. बाकीचे काम नदीवरचे वारे करते. आज ज्याला ‘हरित कार्यालय’ म्हणतात त्यातले निम्मे तरी इथल्या गवंड्याला पाठ होते.

आपण मात्र अशा वास्तूत कचेरी थाटताना उलटे करतो. व्हरांड्याला काचा लावून खोल्या वाढवतो, उंच छताखाली खोटे छत टांगतो आणि कोंडलेल्या हवेला थंड करायला वातानुकूलन आणतो. त्याहून वाईट म्हणजे सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र असतो, ओल पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट बंद करते. मग क्षार साचतात, पोपडे सुटतात, आणि ‘इमारत जुनी झाली’ असा शेरा फायलीवर पडतो. इमारतीचा यात काय दोष?

नवी कचेरी बसवायची तर घराच्या कलाने बसवावी. कामाची टेबले खिडकीकडे, फायलींची कपाटे आतल्या अंगाला. आडोसे माणसाच्या उंचीचे, म्हणजे वारे वरून जाते. तारा भिंत न फोडता उघड्या नळीतून. संगणकांच्या यंत्रांसाठी एकच खोली थंड ठेवली की पुरे. आणि पाणी! पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर त्याचे सुमारे तीन लाख लिटर होतात. थोडे वाया गेले तरी मोऱ्या धुवायला आणि झाडांना ते पुरून उरेल.

अडचणी नाहीत असे नाही. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले असत. उजेड मऊ येई, ऊन येत नसे. तो शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवा मिळत नाही. फुटला तर दुसऱ्या मोडक्या खिडकीतला जपून काढून लावावा लागतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडीही थोडेच उरले आहेत.

जवळच १७०२ सालचा मॅकिनेझ पॅलेस आहे. २००४ च्या चित्रपट महोत्सवासाठी तो दुरुस्त झाला आणि तिथे ‘एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा’ची कचेरी आली. जुन्या सचिवालयात डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सवाची प्रदर्शने भरलेली आपण पाहिली आहेत, आणि ती देखणीही होती. पण पाऊस पडतो तो जून ते सप्टेंबर. कौल सरकले की पहिला थेंब फायलीवर पडायचा. कारकून आरडाओरड करायचा आणि दुसऱ्या दिवशी शिडी लागायची. रिकाम्या दालनात तो थेंब तुळईवर पडतो, आणि ओरडायला कोणी नसते.