वारीचं सामान: खर्च कुणाचा, ओझं कुणाचं



ज्येष्ठ लागला की आमच्याकडे एका प्रश्नाचे व्हॉइस मेसेज सुरू होतात. वारीला जायचंय, पण सामानाचा खर्च झेपत नाही, काय करू? यंदा एका श्रोत्याने थेट शॉपिंग कार्टचा स्क्रीनशॉटच पाठवला. ट्रेकिंगचे शूज, 50 लिटरची बॅग, रेनकोट, स्लीपिंग बॅग, मॅट, हेडलॅम्प, दोन ट्रेकिंग पोल. बेरीज बारा हजारांच्या वर. पठ्ठ्या कॉलेजात शिकतो, संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतो. खाली लिहिलं होतं, "दादा, यातलं काय काय काढू?"

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, इतिहासकार नाही. पुणे ते लोणंद हा टप्पा तीन वेळा चाललोय, तेवढाच माझा अनुभव. पण हा प्रश्न डोक्यात बसला. कारण बघा, आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. ही वाट शतकानुशतकं कोण चालत आलंय? कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, छोटे कारागीर, साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्या. यातल्या कुणाकडेच कधी बारा हजारांचं कार्ट नव्हतं. मग त्यांनी हे जमवलं कसं? आजचा भाग त्यावर आहे.

पाठीवरचं घर

वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीपासूनची. सुरुवातीला आजच्यासारखी पालखी नव्हती. माणसं आपापल्या गावातून, छोट्या गटांनी निघायची. संतांच्या पादुका गळ्यात बांधून नेण्याची पद्धत होती. 1685 साली तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला येऊन ज्ञानोबांच्या पादुका घ्यायच्या आणि पंढरीची वाट धरायची.

त्या काळच्या वारकऱ्याचं सामान डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर पडशी. पडशी म्हणजे मधोमध तोंड आणि दोन्ही टोकांना कप्पे असलेली लांब पिशवी. एक कप्पा छातीवर येतो, दुसरा पाठीवर. वजन आपोआप समतोल. आमच्या घरी आजोबांची पडशी अजून आहे. दोन्हीकडे दोन-दोन किलो धान्य भरून मी ती खांद्यावर टाकून बघितली. बंद नाही, बक्कल नाही, तरी सरकत नाही.

दुसरी वस्तू घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, अंगाला टोचते. धनगरांनी मेंढ्या पाळायच्या, लोकर कातरायची आणि सनगरांनी खड्डा मागावर घोंगडी विणायची, असा हा धंदा. विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. त्याने ती ताठ होते आणि पाऊस चटकन आत शिरत नाही. आता हिची कामं मोजा. रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, दुपारी बसायला आसन आणि पावसात डोक्यावरून घेतली की खोळ. कार्टमधल्या तीन वस्तू इथेच कमी झाल्या.

पण उगाच जुन्याचं कौतुक नको. घोंगडी जड असते आणि पूर्ण भिजली की आणखी जड होते. अडीचशे किलोमीटर म्हणजे साधारण चारेक लाख पावलं. पाठीवरचा एक जास्तीचा किलो म्हणजे चार लाख वेळा उचललेला किलो. ज्याच्या पाठीवर अंथरूण, शिधा, भांडं सगळंच आहे, त्याची वारी पैशाने स्वस्त आणि अंगाने महाग. म्हातारं माणूस, लेकुरवाळी बाई, आजारी माणूस यांना ती परवडणार कशी?

हैबतबाबांनी काय बदललं

इथे येतात हैबतबाबा आरफळकर. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. पुढे सगळं सोडून ते आळंदीला येऊन राहिले. 1832 च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आज आपण बघतो ती घडी बसवली. यात त्यांना मोठी मदत झाली ती बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरदारांची. घोडे आणि तंबू त्यांच्याकडून आले. आजही माउलींचा अश्व अंकलीहून येतो.

आयुष्य लष्करात गेलेला माणूस. फौज हलवायची तर नुसती हिंमत पुरत नाही. कुणी कुठे चालायचं, मुक्काम कुठे, स्वयंपाक कुणी करायचा, तंबू कुणी उभारायचा, हे सगळं आधी ठरावं लागतं. ती शिस्त वारीत आली. दिंड्यांचा क्रम ठरला, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलं. निघताना तुतारीचे तीन इशारे असतात. पहिल्याला सामान आवरा, दुसऱ्याला आपापल्या जागी उभे राहा, तिसऱ्याला चाला.

आता दिंडीकडे आमच्या धंद्याच्या नजरेने बघा. प्रत्येकाने स्वतःचा सर्व्हर विकत घेण्यापेक्षा एक मोठा सर्व्हर सगळ्यांनी मिळून वापरला, तर दरडोई खर्च किती उतरतो हे आयटीवाल्यांना सांगायला नको. दिंडीत तंबू सामाईक, पातेली सामाईक, शिधा सामाईक. आधी बैलगाडी होती, आता ट्रक आणि पाण्याचा टँकर. वारकरी ठरलेली भिशी भरतो आणि त्यात त्याचं जेवण, निवारा आणि वळकटीची वाहतूक येते. खांद्यावर उरतात पताका, टाळ आणि एक छोटी पिशवी. दिंडीत तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाया असतात, हेही विसरू नका.

माझ्या मते वारी गरिबाला परवडते त्यामागे ही रचना आहे. सामान एकेकट्याकडून काढून समूहाकडे दिलं, म्हणून साठीची म्हातारी दिवेघाट चढू शकते.

हरवलेल्या वस्तूंचीही सोय आहे. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि हजारो माणसं गप्प होतात. मग कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं, हे पुकारलं जातं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी. ना ॲप, ना तक्रार क्रमांक.

या रचनेची दुसरी बाजू

पण थांबा. सामाईक म्हणजे नेमकं कुणाकुणात सामाईक? समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. 1962 साली त्याचा इंग्रजी अनुवाद 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. त्यात त्यांनी जे पाहिलं ते अस्वस्थ करणारं आहे. दिवसभर एकत्र अभंग म्हणत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. स्वयंपाकही वेगळा.

हे वाचताना मला सामानाचा हिशेब दिसला. वेगळी चूल म्हणजे वेगळं पातेलं, वेगळं सरपण, वेगळा शिधा. ज्या जातीकडे पैसा आणि गाड्या, तिची सोय बरी. आणि ज्यांना कुणी पंगतीला घेत नव्हतं, त्यांच्या पाठीवरचं ओझं कमी कोण करणार? पंढरपूरच्या मंदिराचं दार तरी त्यांच्यासाठी कधी उघडलं? 1947 साली साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. तोवर अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या माणसालाही बाहेरूनच नमस्कार करून परतावं लागत होतं.

म्हणून दिंडी निवडताना मी एक गोष्ट बघतो. पंगत एक आहे का? भिशी किती, हा प्रश्न त्याच्यानंतर.

रेल्वे आली तरी

1906 मध्ये बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली. म्हणजे चालणं ही गरज उरली नाही. तिकीट काढा, जा, दर्शन घ्या. तरी माणसं चालत राहिली. पण गाडीने, आणि पुढे एसटीने, एक काम सोपं केलं: जाताना पायी, येताना गाडीने. परतीचा शिधा आणि परतीचे दिवस, दोन्ही वाचले. पालखी आजही पायीच परत येते, पण तेव्हा बरोबर फार थोडे लोक असतात.

आता त्या कार्टचं बघू

इतक्या इतिहासानंतर यादी लहान होते. दिंडीत नाव घातलं असेल तर तंबू, मॅट, भांडी यांचा विचार सोडा. मुक्कामी घरची जुनी सतरंजी आणि चादर भागवते. ती प्लास्टिकच्या गोणीत घालून, गोणीवर मार्करने नाव आणि दिंडी क्रमांक लिहून ट्रकमध्ये टाका. राहतात तीन गोष्टी: पाय, पाऊस आणि पिशवी.

पाय. नवीन पादत्राण घेऊन वारीला जाऊ नका. नवी चप्पल चावते, आणि पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा दिवस तिशीच्या आसपास किलोमीटरचा आहे. निदान महिनाभर वापरलेली, मागे पट्टा असलेली सँडल बरी. पावसात बंद बूट आतून भिजतात आणि वाळत नाहीत. ओल्या मोज्यात फोड ठरलेला. आता जुन्या वारकऱ्यांकडून शिकलेली गोष्ट सांगतो. वाटेत गटई कामगार वारकऱ्यांच्या चपला शिवून देतात, कित्येक जण सेवा म्हणून पैसेही घेत नाहीत. त्यामुळे सुईदोऱ्याने शिवता येईल असं पादत्राण घ्या. पूर्वीची चामड्याची वहाण याच कारणाने टिकायची. महागड्या फोमच्या बुटाचा तळ वाल्ह्यात उघडला तर त्याला टाका घालणार कोण?

पाऊस. घोंगडीची खोळ गेली, तिच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. पुण्यात बोहरी आळीत मीटरवर मिळतो. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत येईल एवढा कापून घ्या, खोळीसारखी घडी घाला, झालं. गावाकडे खताच्या धुतलेल्या गोणीचीही खोळ करतात. हवा खेळते, त्यामुळे रेनकोटसारखं आतून घामाने भिजायला होत नाही. रात्री हाच कागद अंथरुणाखाली घाला.

पिशवी. कॉलेजची सॅक पुरते. एक कपड्यांचा जोड, पंचा, पाण्याची बाटली, तांब्या, औषधं, ओळखपत्र. फोन धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळा, पाणी शिरत नाही. पॉवर बँक घ्यायचीच असेल तर मित्राची उसनी मागा. बॅटरीचा टॉर्च जुन्या बाजारात मिळतो, पण घेण्याआधी चालू करून बघा.

ट्रेकिंग पोल? नको. ती वाट आता पक्का रस्ता आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बांबूची काठी पुरे.

जे दिंडीत नाहीत त्यांना वारीत मोकळा समाज म्हणतात. त्यांनाही गावोगावी जेवण मिळतं, देवळात किंवा शाळेत पडायला जागा मिळते. पण पाठीवरचं सगळं त्यांचं त्यांनाच वाहावं लागतं. पहिली वारी असेल तर दिंडी गाठा, हे माझं स्पष्ट मत.

स्वस्ताची किंमत

शेवटचा मुद्दा थोडा बोचरा आहे. प्लास्टिकचा कागद स्वस्त आहे तो आपल्याला. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या रानात जो कचरा उरतो, त्यात हे फाटके कागद असतात आणि ते वेचतं ते गाव. दुसरीकडे, घोंगडीची मागणी आटली तशी दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव उरला नाही. कातरलेली लोकर धनगर कित्येकदा तशीच टाकून देतात. ज्या वस्तूने शेकडो वर्षं वारकऱ्याला पावसाळ्यात कोरडं ठेवलं, ती बनवणाऱ्याचा माग आज बंद पडतोय.

मी कुणाला घोंगडी विकत घ्या म्हणत नाही. चांगली हातमागाची घोंगडी स्वस्त नसते, तिच्यात खूप हातांची मेहनत असते. पण तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत एखादी असेल तर काढा, उन्हात टाका, झटका. आणि प्लास्टिकचा कागद नेलात तर तोच घडी घालून परत आणा; पुढच्या वर्षी तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

खरेदीला निघण्याआधी एक फोन मात्र करा, तुमच्या दिंडीतल्या सगळ्यात जुन्या वारकरी मावशींना. काय आणू, असं विचारू नका. काय आणू नको, असं विचारा. ती यादी ऐकून घ्या आणि मगच पाकीट उघडा.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.