मस्तिष्कमेरुद्रवातील शर्करा व दुग्धाम्ल : निदानाचा इतिहास

जिवाणुजन्य मस्तिष्कावरणदाहाचे निदान दीर्घकाळ ताप, ताठरलेली मान व ग्लानी या लक्षणांवरच अवलंबून होते. त्याची खात्री बहुधा मरणोत्तर विच्छेदनानेच होई. इ. स. १८८७ मध्ये व्हिएन्ना येथे वाइक्सेलबाउम यांनी मेनिंगोकॉकस हा जंतू वेगळा केला. तथापि जिवंत रोग्याच्या द्रवापर्यंत पोचण्याचा सुलभ मार्ग १८९१ मध्ये कील येथील क्विंके यांनी दाखविला. जलशीर्ष झालेल्या बालकांच्या मेंदूवरील दाब उतरविणे हा कटिवेधाचा मूळ हेतू होय. परंतु क्विंके यांनी द्रवाचा दाब मोजला, त्यातील प्रथिने व शर्करा तपासली, आणि उपचाराचे साधन निदानाचे साधन बनले.

या रोगात द्रवातील शर्करा घटते, हे लिख्टहाइम यांनी १८९३ मध्ये नोंदविले. १९१२ मध्ये मेस्त्रेझा यांनी निरनिराळ्या रोगांतील द्रवाची रासायनिक घडण तपशिलाने मांडली. जंतूच शर्करा फस्त करतात, ही कल्पना साहजिक होती. परंतु ती अपुरी ठरली. रक्तातून द्रवात शर्करा येण्यास होणारा अडथळा, तसेच मेंदू व श्वेतपेशी यांच्याकडून होणारा तिचा वाढता वापर, ही कारणे अधिक महत्त्वाची आहेत. म्हणजे हे गमक जंतूचे नव्हे, तर शरीराच्या प्रतिसादाचे आहे.

येथेच त्याची मर्यादाही दिसते. द्रवातील शर्करा रक्तातील शर्करेप्रमाणे बदलत असल्याने दोहोंचे गुणोत्तर पाहणे आवश्यक ठरले. १९८९ मध्ये स्पानोस व सहकाऱ्यांनी ४२२ रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले की, शर्करा १०० मिलिलिटरमध्ये ३४ मिलिग्रॅमपेक्षा कमी, गुणोत्तर ०.२३ पेक्षा कमी किंवा प्रथिने २२० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास रोग विषाणुजन्य नसून जिवाणुजन्य असल्याची शक्यता ९९ टक्के वा अधिक असते. मात्र असे आकडे न आढळल्यास रोग नाहीच, असे अनुमान त्यावरून काढता येत नाही.

दुग्धाम्लाने यातील एक उणीव भरून काढली. कारण द्रवातील त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणावर फारसे अवलंबून नसते. २०१० व २०११ मधील संकलित विश्लेषणांत ते जुन्या गमकांहून सरस ठरले. परंतु प्रतिजैविके आधी दिलेली असल्यास त्याचीही संवेदनक्षमता घटते. ज्या रोग्याच्या बाबतीत जंतुसंवर्धन निष्फळ ठरण्याचा संभव अधिक, तेथेच हे गमकही दुबळे पडावे, ही या इतिहासातील न सुटलेली अडचण होय. म्हणूनच संशय बळावताच उपचार सुरू करावेत, आकड्यांची वाट पाहत बसू नये, हा नियम आजही अबाधित आहे.