काटा काढणारी शकुंतला

परवा भाच्याने एका हॉटेलच्या भिंतीवर लावलेल्या चित्राचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, ही कोण गं?" फोटो मोठा करून पाहिला आणि हसूच आलं. ही तर आमची शकुंतला! एका पायावर उभी, हात सखीच्या खांद्यावर, मान वळवून मागे बघतेय. पायातला काटा काढायचं नुसतं निमित्त.

आमची म्हणजे आजीच्या घरातली. आजोळ औसा तालुक्यात, माळवदाचं घर, शिरल्याशिरल्या ढेळज. ढेळजेत लक्ष्मी, सरस्वती आणि त्यांच्या शेजारी ही. आजीने लक्ष्मीच्या साडीवर जरीचा तुकडा आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. उरलेल्या टिकल्या शकुंतलेच्या अंगावर! त्या काळी हे घरोघरी चालायचं. देवी असो की नाटकातली नायिका, भिंतीवर आली की तिला दागिने मिळायचेच.

भाच्याला दोन ओळींत उत्तर देऊन टाकलं असतं. पण मग विचार करत बसले, की ही बाई आमच्या ढेळजेपर्यंत आली कशी? थोडी लांबची गोष्ट आहे, पण ऐकाच.

कालिदासाचं शाकुंतल शेकडो वर्षं हस्तलिखितांतच होतं. कलकत्त्याचा न्यायाधीश विल्यम जोन्स याला कुणीतरी सांगितलं होतं, की 'नाटक' नावाचे ग्रंथ इकडे आहेत. ते नेमके काय हे त्याला कळेना. शेवटी राधाकांत नावाच्या पंडिताने उलगडा केला. थंडीच्या दिवसांत तुम्ही इंग्रज लोक कलकत्त्यात जे खेळ करता ना, तसंच हे! मग जोन्सने आधी शब्दाला शब्द लावून लॅटिनमध्ये आणि त्यावरून इंग्रजीत भाषांतर केलं. ते १७८९ साली कलकत्त्यात छापलं गेलं. दोनच वर्षांत फोर्स्टरने ते जर्मनमध्ये नेलं आणि ते वाचून गटे हरखून गेला, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं.

मूळ संस्कृत नाटक छापून यायला मात्र आणखी चाळीस वर्षं लागली. १८३० साली पॅरिसला शेझीने बंगाली परंपरेचा पाठ छापला, १८४२ साली बॉनला ब्योटलिंकने देवनागरी परंपरेचा. दोन्ही पाठ सारखे नाहीत. बंगाली पाठातला तिसरा अंक चांगलाच लांब आणि जास्त शृंगारिक आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये हर्टफर्डला मोनियर विल्यम्सचं भाषांतर सचित्र निघालं. लाकडी ठशांची चित्रं, पानांना रंगीत वेलबुट्टीच्या चौकटी. नाटकापेक्षा नजराण्याचं पुस्तक म्हणावं असं. आपल्याकडे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १८८३ साली राघवभट्टाच्या टीकेसकट शाकुंतल काढलं. त्यात चित्रंबित्रं काही नाहीत, पण टाइप बघत राहावा असा.

आता मराठी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' उभं केलं. सगळ्या नाटकात मिळून दोनशेच्या आसपास पदं. साकी, दिंडी, लावणी, अभंग, कीर्तनातल्या चाली, कानडी चाली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या पहिल्या रात्री झाले फक्त चार अंक. सातही अंकांचं नाटक पुढच्या वर्षी, म्हणजे १८८१ साली आलं.

पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं, भाऊराव कोल्हटकरांची आणि पुढे १९०५ नंतर बालगंधर्वांची शकुंतला ऐकली. आमच्याकडे काय? आम्ही निजामाच्या मुलखात. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हतं (तो झाला १९८२ साली). शाळा उर्दू, कचेरी उर्दू. मराठी टिकली ती घरात, कीर्तनात आणि बाहेरून येणाऱ्या पुस्तकांत. नाटक आमच्याकडे आलं ते रेल्वेने, आणि तेही कागदावर. १९०० साली मनमाडहून नांदेडवरून हैदराबादकडे जाणारी गाडी सुरू झाली. १९११ साली बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला पोचली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून माल उतरायचा आणि या छोट्या गाडीत चढायचा. मिठाची पोती, कापडाचे गठ्ठे आणि त्यांतच कुठेतरी पुण्या-मुंबईची पुस्तकं न् तसबिरी.

आजोबा लातूरला एका आडतीवर मुनीम होते. हिशेब उर्दूतही लिहायचे आणि मोडीतही. 'संगीत शाकुंतल'चं पुस्तक त्यांनी तिथेच घेतलं. आणि चित्रही.

चित्राची गोष्ट वेगळीच. राजा रवि वर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. ही शिळाछपाई म्हणजे मोठं किचकट काम. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्र उलटं काढायचं, आणि एकाच कागदावर एकामागून एक सगळे दगड अचूक बसवायचे. जरा सरकलं की ओठांचा रंग हनुवटीवर! वरून रोगण, म्हणजे तैलचित्राची चकाकी येते. या छापखान्यातून पहिलं चित्र बाहेर पडलं ते कुठलं? 'शकुंतलाजन्म'. तान्ही पोर घेतलेली मेनका आणि तोंड फिरवणारा विश्वामित्र. गंमत अशी, की हा प्रसंग नाटकात रंगभूमीवर घडतच नाही. पहिल्या अंकात अनसूया राजाला तो नुसता सांगते.

रवि वर्म्याची शकुंतला छापखान्याच्या आधीच गाजलेली होती. कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिणारी (तिसरा अंक) मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याने विकत घेतली. त्याच चित्राला मोनियर विल्यम्सने आपल्या भाषांतराच्या नंतरच्या आवृत्तीत मानाचं पहिलं पान दिलं. आणि आमची काटा काढणारी, ती पहिल्या अंकाच्या शेवटची. या चित्रात दुष्यंत कुठेच दिसत नाही. ती मागे वळून बघते ती चित्राच्या बाहेर. म्हणजे ढेळजेत जो उभा असेल तोच दुष्यंत. आमचा सालगडीसुद्धा!

आता या तीन चित्रांकडे जरा एकत्र बघा. एकीत ती तान्ही. दुसरीत लाजून पत्र लिहिणारी. तिसरीत लाजून मागे बघणारी. आमच्या भिंतींवर पोचली ती ही शकुंतला.

आजोबा संध्याकाळी पदं म्हणायचे, असं आजी सांगायची. पण चौथ्या अंकापर्यंतच. शकुंतलेची पाठवणी झाली की आजोबांचे डोळे भरायचे आणि पुस्तक मिटायचं. पुढचं ते तोंडी उरकायचे. राजा विसरला, अंगठी सापडली, गोड झालं. आजीला अक्षरओळख नव्हती. म्हणजे आमच्या घरातही नाटक त्या पुण्याच्या पहिल्या रात्रीसारखं चारच अंकांचं होतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं कशी बसली हे मी लिहायला नको. आजी त्या रात्री अंगणात झोपली होती म्हणून वाचली. ढेळज गेली, लक्ष्मी गेली, शकुंतला गेली. मामाने ढिगाऱ्यातून आजोबांची लोखंडी पेटी काढली, तीत पुस्तक निघालं. वरचं पान गेलेलं, पानापानांत माती.

मी तेव्हा नांदेडला अकरावीत. दिवाळीत भेटायला गेले तर आजी पत्र्याच्या शेडमध्ये. बोलायला काही सुचेना, म्हणून पुस्तक झटकलं आणि वाचायला लागले. चौथा अंक संपला. आजी म्हणाली, "हितं तुझा आजा थांबायचा." मी थांबले नाही.

पाचव्या अंकात दरबार भरलेला आहे. राजा ओळख देत नाही. बोटात अंगठी नाही. वर राजा म्हणतो, बायकांची जात उपजतच लबाड. आणि इथे कालिदासाची शकुंतला लाजत नाही, रडून विनवतही नाही. ती भर दरबारात राजाला 'अनार्य' म्हणते. वरून धर्माचा अंगरखा आणि आतून गवताने झाकलेली विहीर, असं त्याला तोंडावर सुनावते. पाठीशी माहेरची माणसं उभी नाहीत. ज्यांनी आणून सोडलं तेही तिला टाकून निघालेत.

आजी गप्पच होती. मग म्हणाली, "आगं, ही बाई त्या फोटूत नव्हती बग."

इतक्या वर्षांत मी शाकुंतलाबद्दल बरंच वाचलं. आमच्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं नाट्यशास्त्रावरचं लेखनही वाचलं. पण आजीच्या त्या वाक्याच्या पुढे काही मी गेलेले नाही. चित्रकाराला एकच क्षण निवडावा लागतो, हे मान्य. रवि वर्म्याने निवडला तो सुंदर आहे, आणि त्याच्या छापखान्यामुळेच ती आमच्यासारख्यांच्या घरात आली, हेही खरं. पण आजीने पन्नास वर्षं जिला टिकल्या लावल्या ती अर्धीच शकुंतला होती. उरलेली पेटीत मिटून पडली होती, आणि वाचून दाखवायला घर पडावं लागलं.

पुस्तक आता माझ्याकडे आहे. पाचव्या अंकाच्या पानांतली माती मी झटकलेली नाही. (मामा, तुला हवं असेल तर सांग. पण मी सहजी देणार नाही!)

भाच्याला उत्तर पाठवलं, "शकुंतला. काटा बिटा काही नाही, नाटक करतेय. दिवाळीत ये, पुढचं वाचून दाखवते."