पेटी, तार आणि पडदा

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा पोर्तुगीज सत्तेच्या जोखडातून मुक्त झाले, त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी नव्हती. ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत अवतरली, आणि मुंबईस यावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. दूरचित्रवाणीच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. त्यामुळे महानगरांपासून दूर असलेल्या गावांना छपरावर उंच अँटेना उभारून मिळेल ते अंधुक चित्र गोड मानून घ्यावे लागे.

१९९१ नंतर ही स्थिती पालटली. उपग्रहावरील वाहिन्या मोठ्या तबकडीने टिपून तारेने घरोघर पोचविणारे केबलचालक गावोगाव उभे राहिले. या धंद्यास कायद्याची चौकट १९९५ साली मिळाली. तथापि दोन उणिवा राहिल्याच. एक तर जुन्या पद्धतीच्या तारेत मोजक्याच वाहिन्या मावत; आणि दुसरे म्हणजे नेमकी किती घरे जोडलेली आहेत, हे चालकावाचून कोणासही ठाऊक नसे. वाहिन्यांचे मालक, सरकार व चालक यांच्यातील पैशाच्या कलहाचे मूळ येथेच होते.

त्यावर उपाय म्हणून २०११ साली कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक घरी सेट-टॉप बॉक्स, म्हणजे संकेत उलगडणारी पेटी, अनिवार्य झाली. महानगरांपासून आरंभ करून सिल्व्हाशासारख्या उर्वरित नागरी भागांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख ठरली. न्यायालयीन स्थगितींमुळे अनेक ठिकाणी ती पुढे लांबली. पेटीमुळे घरांची मोजदाद झाली आणि तारेत वाहिन्यांची दाटीही मावू लागली.

याच सुमारास पडदाही बदलत होता. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने उच्च स्पष्टतेचे, म्हणजे एचडी, प्रक्षेपण केले. जुन्या अंकीय चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. परंतु हे पाचपट वैभव पेटीतून पडद्यापर्यंत न्यावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच.

पेटीबरोबर पुष्कळदा पिवळी, पांढरी व तांबडी अशा तीन टोकांची तार मिळे. पांढरी व तांबडी ध्वनी नेतात, आणि सगळे चित्र एकट्या पिवळीवर येऊन पडते. तिला जुन्या स्पष्टतेपलीकडचे ओझे पेलतच नाही. म्हणून एचडीचे शुल्क भरूनही कित्येक घरांत अंधुक आणि आडवे ताणलेले चित्र दिसे, आणि दोष मात्र केबलचालकाच्या माथी मारला जाई.

डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली एचडीएमआय ही जोडणी हा प्रश्न सोडविते. चित्र व ध्वनी दोन्ही एकाच तारेतून अंकीय रूपात जातात. दोन्ही यंत्रे बंद करून तारेचे एक टोक पेटीच्या एचडीएमआय निर्गमात व दुसरे दूरचित्रवाणीच्या प्रवेशात बसवावे; मग सुरू करून दूरनियंत्रकावर तोच प्रवेश निवडावा आणि पेटीच्या मांडणीत १०८० ची स्पष्टता व १६:९ हे प्रमाण ठरवावे. अनधिकृत नकलेस आळा बसावा म्हणून दोन्ही यंत्रे प्रथम एकमेकांची ओळख पटवून घेतात. ती न पटल्यास पडदा काळा राहतो. अशा वेळी तार काढून पुन्हा घट्ट बसविल्याने बहुधा काम भागते. अर्थात पेटी एचडीची नसेल, किंवा त्या वाहिनीचे शुल्क भरलेले नसेल, तर नव्या तारेनेही चित्र सुधारणार नाही.

दमणगंगेवरील मधुबन धरण कितीही भरलेले असो, शेताच्या तोंडाशी चारी अरुंद असेल तर पीक तहानलेलेच राहते. उपग्रह, कायदा आणि पेटी यांनी दूरवरून आणलेले चित्रही शेवटच्या हातभर तारेपाशी असेच अडते. आणि ती बदलणे मात्र घरधन्याच्याच हाती असते.